नाव न घेणारी वाणी

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस असा लागला होता की सातवीच्या वर्गात निम्मी बाके रिकामी होती. अशा दिवशी धडा पुढे नेला तर आलेल्या मुलांना तो पुन्हा ऐकावा लागतो. म्हणून पुस्तक मिटले आणि महाभारतातील द्यूतसभेची कथा सांगायला घेतली. द्रौपदीला सभेत ओढून आणले. तिने वडीलधाऱ्यांना प्रश्न केला : धर्मराज आधी स्वतःलाच हरले असतील, तर मला पणाला लावण्याचा अधिकार त्यांना उरला होता काय? त्यावर भीष्मांनी सांगितले की धर्माची गती सूक्ष्म आहे, या प्रश्नाचा निर्णय मला करता येत नाही. एथवर आलो आणि दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, भीष्मांना उत्तर येत नव्हते, की द्यायचे नव्हते?"

भीष्मांनी कौरवांचे अन्न खाल्ले होते, सिंहासनाशी ते प्रतिज्ञेने बांधले गेले होते, असे जे आपण सारेच सांगत आलो आहोत तेच मी सांगितले. मुलीचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो.

योग असा की त्याच दिवसांत मी एक जर्मन नाटक वाचत होतो, आणि त्या नाटकाचा सारा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे. तिथे भीष्मांच्या जागी रोमचे पोप आहेत, कौरवसभेच्या जागी हिटलरचे जर्मनी आहे, आणि द्रौपदीच्या जागी युरोपातील लक्षावधी ज्यू माणसे आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जड आहे, हे मला कळते. परंतु घरातली सगळी माणसे एकत्र बसलेली असताना ज्याविषयी बोलता येऊ नये, असा मात्र तो नाही.

२

नाटकाचे नाव 'डेअर श्टेलफरट्रेटर'. मराठीत सांगायचे तर 'प्रतिनिधी'. पोप हा ख्रिस्ताचा पृथ्वीवरील प्रतिनिधी, अशी कॅथलिक पंथाची श्रद्धा आहे. नावातच टोमणा आहे तो असा. नाटककार रोल्फ होखहूट (१९३१–२०२०) हा एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचे काम करणारा तरुण. युद्ध संपले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. हे त्याचे पहिलेच नाटक. २० फेब्रुवारी १९६३ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोर या नामांकित दिग्दर्शकाने ते रंगभूमीवर आणले. ज्या बाराव्या पायस पोपवर हे नाटक आहे, त्यांना वारून तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. पुढच्या वर्षभरात लंडन, बाझेल, पॅरिस, न्यूयॉर्क असे प्रयोग होत गेले. कोठे नाटकगृहाबाहेर निदर्शने झाली, पॅरिसला तर प्रेक्षक रंगमंचावर चढून नटांच्या अंगावर गेले.

मला जर्मन येत नाही. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या शिदोरीवर, शब्दकोश शेजारी उघडा ठेवून, मी त्याचे इंग्रजी भाषांतर वाचले. तेव्हा मूळच्या मुक्तछंदाच्या गुणदोषांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु कथेची जुळणी, पात्रे आणि वाद या गोष्टी भाषांतरातूनही कळतात, आणि कादंबऱ्या लिहिण्याच्या खटाटोपात त्यांच्याशी माझा थोडाबहुत परिचय आहे.

नाटक पाच अंकी आणि अवाढव्य आहे. एका रात्रीत ते मावत नाही, म्हणून प्रत्येक दिग्दर्शकाला कात्री लावावी लागते. कथा थोडक्यात अशी : कुर्ट गेर्श्टाइन हा हिटलरच्या एस.एस. पथकातला अधिकारी. विषारी वायूने माणसे कशी मारतात हे त्याने पोलंडमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो बर्लिनमधील पोपच्या वकिलाच्या घरात जवळजवळ घुसतो आणि ही वार्ता रोमला कळवा म्हणून विनवतो. वकील ऐकून घ्यायलाही तयार नाही. तेथे असलेला रिकार्डो फोंताना हा तरुण पाद्री मात्र ते ऐकतो, आणि त्या क्षणापासून त्याची झोप उडते. पोपने जाहीरपणे, हिटलरचे नाव घेऊन निषेध करावा, म्हणून तो रोममध्ये दारोदार फिरतो. अखेर प्रत्यक्ष पोपसमोर उभा राहतो. निषेध होत नाही असे दिसताच ज्यूंना सक्तीने लावायला लावत ती पिवळी चांदणी तो आपल्या झग्यावर लावतो आणि त्यांच्याबरोबर ऑशविट्झच्या छावणीत मरायला जातो.

रिकार्डो कल्पित आहे. गेर्श्टाइन खरा आहे. तो खरोखरच बर्लिनमध्ये पोपच्या वकिलाकडे गेला होता आणि त्याला दारातूनच परत पाठवले गेले. युद्ध संपल्यावर जुलै १९४५ मध्ये पॅरिसच्या तुरुंगात त्याचा अंत झाला.

३

नाटकाची चिकित्सा करायची तर पोप आणि जर्मनी यांचे नाते कोणत्या तऱ्हेचे होते, हे आधी पाहिले पाहिजे. त्याशिवाय या वादाचे मर्म कळणार नाही.

पोप हा धर्मगुरू खरा, पण तो एका राज्याचा अधिपतीही आहे. १९२९ च्या तहाने इटलीने मान्य केलेले हे व्हॅटिकनचे राज्य पुरते एकशेदहा एकरही भरत नाही. आपल्या तालुक्यातील एखाद्या बागायतदाराची जमीन त्याहून मोठी निघेल. परंतु या राज्याचे वकील जगभरच्या राजधान्यांत असतात. 'वकील' हा शब्द मी पेशवाईतल्या अर्थाने वापरतो आहे. कोर्टातला नव्हे, दरबारातला. पुण्याच्या दरबारात जसे इतर दरबारांचे वकील असत, खलिते येत-जात, तसाच हा व्यवहार आहे.

हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये, आणि त्याच वर्षी २० जुलैला व्हॅटिकनने जर्मन सरकारशी तह केला. व्हॅटिकनच्या वतीने सही करणारे कार्डिनल पाचेल्ली हेच पुढे बारावे पायस झाले. तहाने चर्चला तिच्या शाळा, संस्था आणि उपासना यांची हमी मिळाली. बदल्यात पाद्र्यांनी पक्षीय राजकारणातून अंग काढून घ्यायचे आणि बिशपांनी राष्ट्राशी निष्ठेची शपथ घ्यायची. नव्या राजवटीला जगात प्रतिष्ठेची गरज होती. ती या सहीने काही अंशी मिळाली.

तहाची शाई वाळण्याच्या आतच तो मोडायला सुरुवात झाली. कॅथलिक तरुणांच्या संघटना दडपल्या गेल्या, शाळांवर टाच आली, पाद्र्यांवर खटले भरले गेले. रोमहून निषेधाचे खलिते जात राहिले आणि बर्लिनच्या दफ्तरात पडून राहिले. अखेर अकरावे पायस पोप संतापले. त्यांनी एक धर्मपत्र लिहवून घेतले, आणि तेही नेहमीच्या लॅटिनमध्ये नव्हे, जर्मन भाषेत. ते गुपचूप जर्मनीत पोचवले गेले, गुपचूप छापले गेले आणि २१ मार्च १९३७ च्या रविवारी देशभरच्या चर्चमधून मोठ्याने वाचले गेले. वंशाला आणि राष्ट्राला देव करून पुजणाऱ्यांवर त्यात कोरडे ओढले होते. सरकारने छापखाने जप्त केले, माणसे धरली. पुढच्या वर्षी मे महिन्यात हिटलर रोमला पाहुणा म्हणून आला, तेव्हा हे वृद्ध पोप शहर सोडून आपल्या उन्हाळी वाड्यात जाऊन राहिले आणि व्हॅटिकनची संग्रहालये त्यांनी बंद ठेवली. यजमान घरी नाही, एवढा निरोप पुरेसा होता.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते वारले, आणि मार्चमध्ये पाचेल्ली बारावे पायस म्हणून गादीवर आले. जर्मनीत १९१७ पासून बारा वर्षे त्यांनी पोपचे वकील म्हणून काढली होती, आणि त्यानंतर नऊ वर्षे व्हॅटिकनचा परराष्ट्र-कारभार पाहिला होता. उंच, कृश, अनेक भाषा जाणणारा, प्रत्येक शब्द तोलून टाकणारा हा पुरुष हाडाचा वकील होता. सहा महिन्यांत महायुद्ध पेटले.

४

आता नाटकाकडे वळू. पहिल्या अंकातला पहिला प्रवेश मला फार मोलाचा वाटतो. गेर्श्टाइन एकेक आकडा, एकेक स्थळ सांगतो आहे, आणि समोरचा वकील हे माझ्या कार्यक्षेत्रात येत नाही, असे निरनिराळ्या शब्दांत सांगतो आहे. तो दुष्ट नाही. घाबरलेला, अवघडलेला, सभ्य गृहस्थ आहे. ऐकले तर काहीतरी करावे लागेल, म्हणून तो ऐकत नाही. असा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. काहींनी तो आरशात पाहिला असेल.

परंतु ज्याच्यासाठी हे नाटक लिहिले गेले, त्या चौथ्या अंकात लेखकाचा तोल जातो. पोप प्रथमच रंगभूमीवर येतात, आणि येतात ते चर्चच्या मालमत्तेची, कारखान्यांची, गुंतवणुकीची चिंता करीत. रोममध्ये त्यांच्या खिडकीखालून ज्यूंना धरून नेले जात आहे आणि ते हिशेबाचे बोलत आहेत. पुढे रिकार्डोच्या आग्रहाने ते एक निवेदन सांगून लिहवून घेतात. सही करताना लेखणीची शाई हाताला लागते आणि सर्वांदेखत ते हात धुतात. ख्रिस्ताला सुळावर देण्याची मोकळीक देऊन ज्याने हात धुतले, त्या रोमन सुभेदाराची प्रेक्षकाला आठवण व्हावी, ही योजना.

प्रेक्षकाला ती आठवण होते आणि नाटक तेथेच लहान होते. पोप पैशाचे लोभी ठरले की प्रश्नच मिटला. लोभी माणूस गप्प बसला यात विचार करण्यासारखे काय आहे? प्रेक्षक त्याला शिव्या देत समाधानाने घरी जातो, कारण आपण काही कारखान्यांचे मालक नाही. कादंबरी लिहिताना मलाही हा मोह पुष्कळदा झाला आहे. सावकार रंगवायचा तर त्याच्या बोटांत चार अंगठ्या घालायच्या आणि त्याला मिशीला पीळ द्यायला लावायचे. म्हणजे मग तो असा का झाला, हे शोधण्याचे कष्ट वाचतात. प्रत्यक्षातले बारावे पायस वैयक्तिक राहणीत विरक्त, अल्पाहारी, रात्रंदिवस काम करणारे होते. असा विरक्त माणूस का बोलला नाही, हा प्रश्न कितीतरी अधिक भयंकर आहे. होखहूटने तो सोपा करून टाकला.

मौज अशी की त्याच प्रवेशात त्याला खरी वस्तू सापडली होती. पोप जे निवेदन सांगतात, ते लेखकाच्या मनचे नाही. ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात जो मजकूर छापला गेला, त्यावर ते आधारलेले आहे. पोपचे पितृप्रेम राष्ट्र, धर्म, वंश यांच्या सीमा मानत नाही, अशा आशयाचा लांबलचक, नक्षीदार मजकूर. त्यात 'ज्यू' हा शब्द नाही, 'जर्मनी' नाही, 'रोम' नाही. त्याच्या शेजारी शाईचा डाग ठेवण्याची गरजच नव्हती. ते वाक्य नटाने सावकाश वाचले असते तरी पुरे होते.

५

माझे या नाटकाशी मुख्य भांडण येथेच आहे. लेखकाचा आरोप मौनाचा आहे. मला वाटते, तो आरोप नेमका नाही. बारावे पायस गप्प कधीच नव्हते. ते सतत बोलत होते. १९४२ च्या नाताळात त्यांनी नभोवाणीवरून दीर्घ भाषण केले. त्यात, स्वतःचा काही अपराध नसता केवळ राष्ट्रीयत्वामुळे किंवा वंशामुळे जी लक्षावधी माणसे मरणाच्या किंवा हळूहळू झिजत जाण्याच्या वाटेला लावली गेली आहेत, त्यांचा उल्लेख आहे. पोपच्या मते हे स्पष्ट बोलणे होते. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते 'नरो वा कुंजरो वा' वाटले. कोणी मारले हे त्यात नव्हते आणि कोणाला मारले हेही नव्हते.

हे असे का झाले, याचे उत्तर मला त्या वकिलीच्या भाषेत दिसते. खलित्यांच्या भाषेचा पहिला नियम असा की उद्या पुन्हा बोलता आले पाहिजे. म्हणून आज असा शब्द वापरायचा नाही की ज्याने दार बंद होईल. तहाच्या वाटाघाटीत हा नियम शहाणपणाचा असतो. त्यामुळे युद्धे टळतात, कैदी सुटतात. परंतु ज्याच्याशी बोलायचे तोच माणसे जाळत सुटला असेल, तर दार उघडे ठेवण्याची भाषा कोणाच्या उपयोगाची? आयुष्यभर ती भाषा बोललेल्या माणसाला दुसरी भाषा उरलेली नसते. मनात दया असली तरी ती याच शब्दांतून बाहेर येते, आणि बाहेर येईपर्यंत तिच्यातून माणसांची नावे गळून गेलेली असतात.

मला जो प्रवेश या नाटकात हवा होता, तो इतिहासात घडलेला आहे. १६ ऑक्टोबर १९४३. रोम तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. पहाटे पावसात बाराशेंवर ज्यू माणसे, त्यांत बायका आणि मुलेच अधिक, घराघरांतून बाहेर काढली गेली आणि व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावरील एका लष्करी विद्यालयात कोंडली गेली. त्याच दिवशी पोपचे परराष्ट्र-सचिव कार्डिनल माल्योने यांनी जर्मन वकील व्हाइत्सेकर यांना बोलावून घेतले. या भेटीचे टिपण खुद्द कार्डिनलनीच करून ठेवले आहे. त्यांनी कळवळून सांगितले की या गरीब बिचाऱ्यांसाठी काही करा. वकिलाने विचारले, हे असेच चालू राहिले तर पोप काय करतील? कार्डिनल म्हणाले, निषेधाचा शब्द उच्चारण्याची पाळी आमच्यावर येऊ नये, अशी आमची इच्छा आहे. तेव्हा वकिलाने विनंती केली की हे बोलणे वरिष्ठांना न कळवण्याची मोकळीक मला द्यावी. कार्डिनलनी ती दिली.

यात खलपुरुष कोठे आहे? दोघे सभ्य, दोघेही अस्वस्थ. वकिलाला वाटते, पोप उघड बोलले तर हिटलर अधिक चवताळेल. कार्डिनलना वाटते, हा भला माणूस आहे, त्याला अडचणीत कशाला आणा. एकमेकांची काळजी घेत घेत दोघांनी मिळून ती वार्ता त्या खोलीतच पुरली. दोन दिवसांनी हजारांवर माणसे आगगाडीत भरून ऑशविट्झला गेली. त्यांतली सोळा परत आली. पुढे २८ ऑक्टोबरला व्हाइत्सेकरने बर्लिनला कळवले की सर्व बाजूंनी दडपण येऊनही पोपने काही उघड निषेध केलेला नाही, आणि वृत्तपत्रातल्या त्या निवेदनात ज्यूंचा उल्लेख आहे हे फार थोड्यांच्याच ध्यानात येईल. शत्रूच्या वकिलानेच त्या भाषेचे इतके अचूक परीक्षण केल्यावर टीकाकाराला निराळे काय सांगायचे उरते?

६

दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. ती बाजूही हलकी नाही. जुलै १९४२ मध्ये हॉलंडमधील कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या पाठवणीविरुद्ध आपल्या चर्चमधून उघड निषेधपत्र वाचले. आठवड्याच्या आत जर्मनांनी सूड घेतला. ज्यू वंशात जन्मून कॅथलिक झालेल्यांना धरले. त्यांत एडिथ श्टाइन ही विदुषी जोगीण होती. ९ ऑगस्टला ऑशविट्झमध्ये तिला मारले. बोलण्याची किंमत बोलणारा देत नाही, दुसराच कोणीतरी देतो, हे पोपने पाहिले होते. पुढे सहावे पॉल पोप झालेले मोंतीनी हे बाराव्या पायसांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी १९६३ मध्ये या नाटकाविरुद्ध एका इंग्रजी साप्ताहिकाला पत्र लिहून हेच सांगितले. शिवाय रोममधील मठांनी आणि जोगिणींच्या आश्रमांनी त्या हिवाळ्यात चार हजारांवर ज्यूंना लपवले, हेही विसरता येत नाही. गाजावाजा झाला असता तर ती दारे फोडली गेली असती, असे म्हणणारे लोक मूर्ख नाहीत.

पण त्याच इतिहासात म्युन्स्टरचे बिशप गालेन आहेत. वेड्यांच्या आणि अपंगांच्या इस्पितळांतून सरकार रोग्यांना ठार करीत आहे, हे त्यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी प्रवचनात उघड सांगितले. प्रवचनाच्या नकला हातोहात देशभर गेल्या. त्याच महिन्यात हिटलरने ती योजना अधिकृतपणे थांबवली. ती पुढे चोरून चालू राहिली, परंतु बिशपना हात लावण्याचे धैर्य सरकारला झाले नाही. आणि बर्लिनच्या कॅथीड्रलमधील बेर्नहार्ट लिश्टेनबेर्ग आहेत. नोव्हेंबर १९३८ पासून ते रोज संध्याकाळी ज्यूंसाठी, 'ज्यू' हा शब्द उच्चारून, जाहीर प्रार्थना करीत. १९४१ मध्ये त्यांना पकडले, आणि १९४३ मध्ये डाखाऊच्या छावणीकडे नेताना वाटेत ते वारले. होखहूटने आपले नाटक ज्या दोघांना अर्पण केले आहे, त्यांतले हे एक. मला वाटते, रिकार्डोसारखा देखणा, कल्पित हुतात्मा उभा करण्याऐवजी त्याने साठी ओलांडलेल्या या पाद्र्याला रंगभूमीवर आणायचे होते. त्यांनी काही विलक्षण केले नाही. रोजच्या प्रार्थनेत एक शब्द घातला, आणि तो काढला नाही.

हॉलंडमधला दाखला खरा आणि म्युन्स्टरचाही खरा. बोलण्याने काय झाले असते, हे आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. म्हणूनच ही शोकांतिका आहे. होखहूटने तिचा खटला केला आणि आरोपीला वकील दिला नाही.

७

इतके लिहून झाल्यावर थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. नाहीतर पोपला नावे ठेवणे फार स्वस्त आहे.

पूर्वी मी ज्या एका संस्थेत नोकरीला होतो, तेथे सहामाही परीक्षेच्या वेळी फी थकलेल्या मुलांना पहिला तासभर व्हरांड्यात उभे करीत. आत इतर मुले पेपर सोडवीत आणि ही बाहेरून पाहत. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यांत होता. गणितात हुशार, बाप गवंडीकामाला. मला ते सहन होईना, म्हणून शिक्षकांच्या सभेत मी विषय काढला. काढला म्हणजे काय, तर फार जपून काढला. माझी भाषा चांगली म्हणून सभेचे इतिवृत्तही मीच लिहिले. ते वाक्य मला अजून पाठ आहे : 'शुल्कासंबंधी काही विद्यार्थ्यांची गैरसोय झाल्याचे निदर्शनास आले असून त्याबाबत योग्य तो विचार व्हावा असे सुचवण्यात आले.' कोणी उभे केले ते नाही. कोण उभे राहिले ते नाही. मुख्याध्यापकांनी शांतपणे सही केली. मला त्या वेळी वाटले की आपण बोललो. तो मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत परत आला नाही.

दोन्ही गोष्टी एका तागडीत घालण्याइतका मी वेडा नाही. इतकेच म्हणतो की ते वाक्य लिहिणारा हात मी ओळखतो. म्हणून होखहूटच्या नाटकातला तो पहिला प्रवेश वाचताना माझा घसा कोरडा पडला, आणि चौथ्या अंकातले ते हात धुणे वाचताना मला सुटल्यासारखे वाटले. नाटकाने प्रेक्षकाला असे सोडू नये.

८

एवढे दोष दाखवूनही हे नाटक वाचावे असेच मी म्हणेन. काही कृती कलादृष्ट्या उण्या असतात, पण त्यांनी विचारलेला प्रश्न पुन्हा आत ढकलता येत नाही. १९६५ साली रोममध्ये याचा प्रयोग व्हायचा होता. तो अधिकाऱ्यांनी बंद पाडला, आणि कारण दिले ते इटली-व्हॅटिकन यांच्या १९२९ च्या करारातील कलमाचे : रोम हे पवित्र शहर आहे, त्याच्या पावित्र्याला बाध येऊ नये. तह पाळण्यासाठी काय काय बोलता येत नाही, हे दाखवणाऱ्या नाटकाला तहाचेच कलम आडवे आले. नाटकाची एवढी चांगली समीक्षा दुसऱ्या कोणी केली नसेल.

दुसरा परिणाम सावकाश झाला. सहाव्या पॉल पोपनी युद्धकाळातील कागदपत्रे छापण्याची आज्ञा दिली. १९६५ ते १९८१ या काळात त्यांचे अकरा खंड निघाले; माल्योने यांचे ते टिपण त्यातूनच जगापुढे आले. पुढे २ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी बाराव्या पायसांच्या कारकिर्दीचे सारे दफ्तर अभ्यासकांना खुले केले. होखहूट त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत वारला. २०२३ मध्ये त्या दफ्तरातले एक पत्र प्रसिद्ध झाले. १४ डिसेंबर १९४२ चे, एका जर्मन पाद्र्याने पोपच्या खासगी सचिवाला लिहिलेले. दररोज सहा हजार माणसे, मुख्यतः पोल आणि ज्यू, मारली जात आहेत, असे त्यात स्थळाच्या नावासह लिहिले आहे. नाताळचे ते भाषण याच महिन्यातले. तेव्हा माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय आता फारशी उरलेली नाही.

माझ्या वर्गातली ती मुलगी आता आठवीत गेली आहे. व्हरांड्यात भेटते, हसते. तिने प्रश्न पुन्हा विचारलेला नाही, पण माझ्याकडे तिचे उत्तर थकले आहे, आणि सुटी संपली की ते मी देणार आहे. भीष्मांना उत्तर येत होते, बाळ. ते बोललेही. पण ते धर्माविषयी बोलले. समोर उभ्या असलेल्या बाईविषयी बोलले नाहीत. त्याच सभेत विकर्ण म्हणून कौरवांचाच एक धाकटा भाऊ होता. तो उठला आणि म्हणाला की ही हरलेली नाही. सभेने त्याचे ऐकले नाही. गोष्ट सांगताना आपण त्याला बहुतेक वेळा गाळतो. त्या पावसाळी दुपारी मीही गाळला होता.